हान्स पेटर लून आणि ताळ्याचे शास्त्र

प्राथमिक शाळेत गुणाकार शिकविताना जुने मास्तर मुलांना उत्तरापाशी थांबू देत नसत. उत्तर आले की ताळा पाहावयाचा, हा दंडकच होता. संख्येतील अंकांची बेरीज करावयाची, नऊ सोडून द्यावयाचे आणि उरलेला अंक जुळतो की नाही ते पाहावयाचे. ताळा चुकला तर गणित चुकले हे निश्चित. पण ताळा जुळला म्हणजे गणित बरोबर आलेच, असे मात्र नव्हे. ४५७३ या संख्येच्या जागी घाईत ५४७३ लिहिले गेले, तर अंकांची बेरीज दोन्ही वेळा १९ च येते आणि ताळा बिचारा गप्प बसतो. शेजारचे दोन अंक उलटसुलट होणे ही तर कचेरीतील नित्याची चूक. म्हणजे जी चूक वारंवार होते, नेमकी तीच आपल्या परंपरागत ताळ्याला दिसत नाही.

ही उणीव बऱ्याच अंशी दूर करणारे हान्स पेटर लून यांचे नाव संगणकशास्त्राच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. इतरांना ते ठाऊक नसले तरी त्यांचे काम खिशात बाळगूनच आपण सारे वावरत असतो. बँकेच्या कार्डावरील क्रमांकाचा शेवटचा अंक आणि मोबाइल फोनच्या पंधरा आकडी ओळखक्रमांकातील शेवटचा अंक हे दोन्ही लून यांच्या रीतीने काढलेले असतात. एवढेच नव्हे, तर संगणकातील एखादी फाइल जशी होती तशीच आहे, की मधल्या काळात तिच्यात कोणी हात घातला आहे, हे ओळखण्याची जी आजची रीत आहे, तिच्या वंशावळीतही आरंभी याच गृहस्थाचे नाव लागते. या रीतीला हॅश म्हणतात. ती आता न्यायालयाच्या दारापर्यंत येऊन पोहोचली असल्यामुळे तिच्या मूळ पुरुषाची ओळख करून घेणे अप्रस्तुत ठरणार नाही.

लून यांचा जन्म १ जुलै १८९६ रोजी जर्मनीतील बार्मेन येथे झाला. वुपर नदीच्या खोऱ्यातील हे कापडधंद्याचे गाव. फ्रीडरिश एंगेल्स यांचाही जन्म तेथलाच. पुढे १९२९ साली ते आसपासच्या गावांसह आजच्या वुपरटाल शहरात सामील झाले. वडील नामांकित मुद्रक होते. मुलाने तोच व्यवसाय पुढे चालवावा या हेतूने त्याला छपाईचे शिक्षण घेण्यासाठी स्वित्झर्लंडमध्ये धाडण्यात आले. तेवढ्यात पहिले महायुद्ध पेटले आणि तरुण लून जर्मन सैन्याच्या दळणवळण विभागात दाखल झाले. युद्ध संपल्यावर ते छापखान्याकडे न वळता कापडधंद्यात शिरले आणि विसाच्या दशकात त्याच धंद्याच्या निमित्ताने अमेरिकेत जाऊन स्थायिक झाले.

छापखान्याचे संस्कार मात्र पुसले गेले नाहीत, असे त्यांचे पुढील आयुष्य पाहता मानावयास हरकत नाही. छापखान्यात मजकूर जुळविणारा एक आणि मुद्रित तपासणारा दुसरा असतो. मूळ प्रत शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर पडताळावयाचे, आणि पडताळणाऱ्याने जुळविणाऱ्याच्या शब्दावर विसंबावयाचे नाही, ही तेथील शिस्त. लून यांच्या पहिल्या गाजलेल्या शोधातही हीच दृष्टी दिसते. कापडाचा कस त्याच्या दर इंचातील धाग्यांच्या संख्येवर ठरतो. पण ते धागे भिंग लावून एक एक मोजणे हे डोळे शिणविणारे काम. लून यांनी बारीक रेघा आखलेली एक पारदर्शक पट्टी तयार केली. ती कापडावर ठेवली की धागे आणि रेघा यांच्या मिश्रणातून एक नक्षी उमटते आणि तिच्यावरून धाग्यांची संख्या थेट वाचता येते. या साधनाला त्यांनी आपल्याच नावावरून लूनोमीटर असे नाव दिले. त्यांच्या मृत्यूनंतरही अनेक दशके त्याची विक्री होत राहिली. या पट्टीचा विशेष असा की, ती वापरणाऱ्याला गणित यावे लागत नाही. दुकानात कापड घेणारा माणूसही विक्रेत्याचा दावा तेथल्या तेथे तपासू शकतो.

त्यानंतरची काही वर्षे त्यांनी स्वतंत्र संशोधक म्हणून काढली. घडी घालून ठेवता येणारा रेनकोट काय, किंवा घरात असलेल्या साहित्यातून कोणकोणती मद्यमिश्रणे होऊ शकतील हे दाखविणारा तक्ता काय, त्यांच्या बुद्धीला कोणताच विषय वर्ज्य नव्हता. आयुष्यात त्यांच्या नावावर ८० हून अधिक पेटंटे जमा झाली. १९४१ साली आयबीएम या यंत्रे बनविणाऱ्या कंपनीने त्यांना आपल्या संशोधन विभागात घेतले. तेव्हा ते पंचेचाळिशीचे होते. ज्या वयात माणसे निवृत्तीचे हिशेब मांडू लागतात, त्या वयात त्यांच्या खऱ्या कर्तृत्वाला आरंभ झाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर शास्त्रीय लेखनाचा जो महापूर आला, त्यात हवा तो निबंध शोधून काढणे अशक्य होऊ लागले होते. १९४७ च्या सुमारास जेम्स पेरी आणि माल्कम डायसन या दोघा रसायनज्ञांनी हे गाऱ्हाणे आयबीएमकडे नेले आणि ते लून यांच्या वाट्यास आले. छिद्रे पाडलेल्या कार्डांतून हवी ती माहिती हुडकणारे यंत्र त्यांनी त्यातून तयार केले. मग जानेवारी १९५३ मध्ये त्यांनी कंपनीच्या अंतर्गत वापरासाठी एक टिपण लिहिले. आपल्या प्रस्तुत विषयाचा झरा तेथे आहे.

टिपणातील कल्पना टपाल कचेरीच्या उदाहरणाने समजू शकेल. आलेल्या सर्व पत्रांचा एकच ढीग ठेवला, तर एका माणसाचे पत्र शोधण्यासाठी सारा ढीग उपसावा लागेल. म्हणून भिंतीवर खण करावयाचे. पण कोणते पत्र कोणत्या खणात ठेवले याची यादी ठेवली, तर ती यादीही वाढत जाऊन पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो. लून यांनी सुचविले की, नोंदीच्या स्वतःच्याच अंकांवर किंवा अक्षरांवर काही ठराविक बेरीज-वजाबाकी करावी आणि येईल त्या उत्तराच्या खणात ती नोंद टाकावी. पुढे ती हवी झाली की तेच गणित पुन्हा करावयाचे. खण आपोआप कळतो. यादी नको, शोधाशोध नको. वस्तूच आपला पत्ता सांगते. त्याच सुमारास आणखीही काही जणांना स्वतंत्रपणे हाच मार्ग सुचला होता, तरी लून यांच्या टिपणाला अग्रमान दिला जातो. हॅश हे नाव मात्र नंतरचे. इंग्रजी स्वयंपाकघरात मांस आणि भाज्या बारीक चिरून कालविण्याला तो शब्द आहे, आणि मूळ मजकुराचे तुकडे करून त्यांचा असा काला करणे हेच या गणिताचे स्वरूप आहे.

टिपणाला वर्ष होते न होते तोच, ६ जानेवारी १९५४ रोजी, लून यांनी आणखी एका शोधासाठी अर्ज केला. २३ ऑगस्ट १९६० रोजी त्याचे पेटंट मंजूर झाले. हातात धरून वापरावयाचे, विजेशिवाय चालणारे हे यंत्र एखाद्या क्रमांकाला शेवटी जोडावयाचा पडताळा-अंक काढून देई, किंवा जोडलेला अंक बरोबर आहे का ते तपासून देई. मागील गणित असे: वर घेतलेली ४५७३ हीच संख्या घ्या. उजवीकडून आरंभ करून एकाआड एक अंक दुप्पट करावयाचा आणि दुप्पट दोन आकडी झाली तर तिच्या अंकांची बेरीज घ्यावयाची. ३ चे ६, ७ तसाच, ५ चे १० म्हणजे १, आणि ४ तसाच. बेरीज १८. ती पुढच्या दहाच्या पटीला नेण्यासाठी २ हवेत. म्हणून पडताळा-अंक २ आणि पूर्ण क्रमांक ४५७३२. आता कारकुनाने चुकून ५४७३२ लिहिले, तर बेरीज २८ होते आणि चूक तत्काळ उघडी पडते. मास्तरांच्या ताळ्याला जे दिसत नव्हते ते एकाआड एक दुप्पट करण्याच्या या साध्या युक्तीने दिसू लागले. ० आणि ९ शेजारी असून त्यांची अदलाबदल झाली, तर मात्र हा ताळाही फसतो. ती फट पुढे १९६९ साली याकोबुस व्हेरहूफ या डच गणितज्ञाने बुजविली आणि आपल्या आधार क्रमांकाचा बारावा अंक व्हेरहूफ यांच्याच रीतीने काढलेला असतो.

१९५८ हे वर्ष लून यांच्या कीर्तीचा कळस ठरले. शास्त्रीय लेखाचा गोषवारा यंत्राकडून काढून घेण्याची रीत आणि शीर्षकातील प्रत्येक महत्त्वाच्या शब्दाखाली लेखाची नोंद करणारी सूची त्यांनी जगापुढे ठेवली. ग्रंथपालांच्या दुनियेत या सूचीने मोठीच क्रांती केली. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. १९६१ साली ते आयबीएममधून निवृत्त झाले आणि १९ ऑगस्ट १९६४ रोजी, वयाच्या ६८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या टिपणातील कल्पनेचे पुढे काय होणार होते, याचा अंदाज त्यांना असण्याचे कारण नव्हते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे अगत्याचे आहे. लून यांचा पडताळा-अंक चोराला अडविण्यासाठी नव्हता. त्याचे गणित उघड आहे. ते ठाऊक असलेला कोणीही पडताळ्यात उतरणारा खोटा क्रमांक क्षणात रचू शकतो. हा त्यातील दोष मानणे अन्याय होईल, कारण तो ताळा थकलेल्या, घाईत असलेल्या, परंतु प्रामाणिक माणसासाठी होता. अप्रामाणिक माणसासाठी वेगळ्या ताळ्याची गरज होती. या दोन गरजांची गल्लत आपल्याकडे सर्रास होते आणि सुशिक्षितही तिच्यातून सुटलेले नाहीत.

हा दुसरा ताळा ज्या घटनाक्रमातून रुळला तो एखाद्या कादंबरीत शोभावा असा आहे. १९६८ साली बेल प्रयोगशाळेतील रॉबर्ट मॉरिस यांनी खणांच्या या रीतीवर एक निबंध लिहिला आणि हॅश हा शब्द छापील शास्त्रीय वाङ्‌मयात स्थिर केला. पुढे वीस वर्षांनी, २ नोव्हेंबर १९८८ रोजी, कॉर्नेल विद्यापीठात शिकणाऱ्या त्यांच्याच मुलाने सोडलेला एक कार्यक्रम जाळ्यातून जाळ्यात पसरत गेला आणि हजारो संगणक ठप्प झाले. आपल्या यंत्रातील मूळ फाइली शाबूत आहेत की कोणी बदलल्या आहेत, हे ठरवावयाचे कसे, या प्रश्नाने संगणक सांभाळणारे हवालदिल झाले. फाइलीचा आकार आणि तारीख पाहणे व्यर्थ होते, कारण घुसखोर तारीखही बदलू शकतो आणि आकारही राखू शकतो. १९९२ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठातून जीन किम आणि यूजीन स्पॅफर्ड या शिष्य-गुरूंनी ट्रिपवायर नावाचे साधन प्रसिद्ध केले. यंत्र निर्दोष असतानाच त्यातील प्रत्येक महत्त्वाच्या फाइलीचा हॅश काढून त्यांची यादी करून ठेवावयाची आणि नंतर वेळोवेळी तेच गणित करून यादीशी ताडून पाहावयाचे, एवढेच त्याचे काम होते.

हा हॅश म्हणजे फाइलीच्या अंगठ्याचा ठसाच म्हणावयाचा. संगणकाच्या दृष्टीने कोणतीही फाइल ही अंकांची एक लांबलचक ओळ असते. त्या ओळीचे तुकडे करून, ते एकमेकांत घोळवून, शेवटी ठराविक लांबीचे उत्तर काढले जाते. आज प्रचलित असलेल्या एसएचए-२५६ या रीतीत ते ६४ अक्षरांचे असते, मग फाइल एका ओळीची असो वा हजार पानांची असो. एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा संपूर्णपणे बदलतो. ठशावरून मूळ मजकूर काढता येत नाही. संभाव्य ठशांची संख्या ७८ आकडी आहे. तेव्हा दोन निरनिराळ्या फाइलींचा ठसा योगायोगाने एकच यावा, ही शक्यता व्यवहारात शून्यच समजावयाची. विंडोज असो वा लिनक्स, दोन्हींत यंत्रणेच्या मूळ फाइलींचे असे ठसे जतन केलेले असतात आणि एका आज्ञेसरशी ते ताडून पाहता येतात. कोणत्याही साध्या फाइलीचा ठसा काढण्याची सोयही त्यांत असते. त्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत.

असे असूनही ठसा ताडून पाहणारे विरळा, आणि पाहणाऱ्यांतही तो काय सांगतो व काय सांगत नाही हे जाणणारे त्याहून विरळा. ठसा फक्त एवढेच सांगतो की, ही वस्तू तीच आहे. ती चांगली आहे असे तो कधीच सांगत नाही. २०२४ च्या मार्चमध्ये जगभरच्या लिनक्स संगणकांत वापरल्या जाणाऱ्या एक्सझेड या साधनात कोणी तरी गुप्त दार ठेवल्याचे उघडकीस आले. ते काम बाहेरच्या चोराचे नव्हते. दोन-अडीच वर्षे सहकारी म्हणून विश्वास संपादन केलेल्या व्यक्तीने ते केले होते. त्या फाइलीचा ठसा प्रकाशकाने दिलेल्या ठशाशी तंतोतंत जुळत होता, कारण विष मुळातच कालविलेले होते. शेवटी चोरी पकडली गेली ती एका जागरूक अभियंत्याला आपले यंत्र नेहमीपेक्षा किंचित मंद का चालते, असा प्रश्न पडला म्हणून.

दुसरी गोष्ट, ठसा आणि वस्तू एकाच हाती असू नयेत. भांडाराची किल्ली आणि साठ्याची नोंदवही एकाच माणसाकडे देऊ नये, हे कोणताही अनुभवी हेडक्लार्क सांगेल. पण संगणकाच्या बाबतीत हा शहाणपणा आपण गुंडाळून ठेवतो. २०१६ च्या फेब्रुवारीत लिनक्स मिंट या प्रणालीच्या संकेतस्थळात चोर शिरले आणि खऱ्या प्रतीऐवजी बाटलेल्या प्रतीकडे जाणारा दुवा त्यांनी तेथे लावला. खऱ्या प्रतींचे ठसे जाहीर करून चालकांनी लोकांना आपापली प्रत ताडून पाहावयास सांगितले, तेव्हा कोणाची प्रत शुद्ध आणि कोणाची बाटलेली हे कळू शकले. पण ज्याने संकेतस्थळावरील दुवा बदलला त्याला शेजारी लिहिलेला ठसा बदलणे अवघड ते काय? म्हणूनच ट्रिपवायरच्या कर्त्यांनी ठशांची यादी त्याच यंत्रात न ठेवता, ज्यावर पुन्हा लिहिता येत नाही अशा माध्यमावर ठेवण्याचा आग्रह धरला होता.

तिसरी बाब आपल्याला थेट भिडणारी आहे. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाने हॅशची व्याख्या कायद्यात आणली. डिजिटल स्वाक्षरीच्या पोटातही फाइलीचा हॅशच असतो. आता २०२३ चा भारतीय साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ पासून, म्हणजे योगायोगाने लून यांच्या जन्मतारखेला, अमलात आला आहे. त्याच्या ६३ व्या कलमाखाली न्यायालयात संगणकीय पुरावा सादर करताना जोडावयाच्या प्रमाणपत्रात त्या फाइलीचा हॅश लिहिणे आले. हे पाऊल स्वागतार्ह आहे यात शंका नाही. परंतु त्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅशच्या रीती म्हणून एसएचए-२५६ च्या जोडीला एसएचए-१ आणि एमडी-५ यांचीही नावे आहेत. यांपैकी एमडी-५ ची तटबंदी २००४ साली वांग शियाओयुन या चिनी विदुषीने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोडली. एकच ठसा असलेल्या दोन भिन्न फाइली मुद्दाम रचता येतात, हे त्यांनी सिद्ध केले. २०१२ साली सापडलेल्या फ्लेम या हेरगिरी करणाऱ्या कार्यक्रमाने हीच युक्ती वापरून मायक्रोसॉफ्टचे म्हणून खपेल असे बनावट प्रमाणपत्र मिरविले. २०१७ साली ॲम्स्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संशोधन संस्था आणि गूगल यांनी मिळून एसएचए-१ चीही तीच गत करून दाखविली.

यावर असे उत्तर दिले जाते की, आधीच अस्तित्वात असलेल्या परक्या फाइलीशी जुळणारी दुसरी फाइल तयार करणे एमडी-५ मध्येही अद्याप व्यवहारात साधलेले नाही. दोन्ही फाइली एकाच कर्त्याने एकत्र रचाव्या लागतात. हे खरे आहे. पण न्यायालयात येणाऱ्या प्रकरणांत फाइल रचणाराच पुष्कळदा संशयित असतो, हे विसरून चालणार नाही. मूळ दस्तऐवज बनवितानाच त्याचा जुळा भाऊ बनवून ठेवणारा पक्षकार आपण कल्पू शकत असू, तर त्याच्या हाती फुटलेले माप देण्याचे कारण काय? एमडी-५ फुटल्यावर १९ वर्षांनी झालेल्या कायद्याला तरी हे टाळता आले असते. नमुन्यातून ती दोन नावे वगळण्यास फार मोठ्या दुरुस्तीची आवश्यकता आहे असे वाटत नाही, आणि तोवर प्रमाणपत्र भरणाऱ्याने एसएचए-२५६ च्याच रकान्यात खूण करावी, यास कोणाची आडकाठी नाही.

प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. पहिला भाग फाइल सादर करणाऱ्याने भरावयाचा, दुसरा तज्ज्ञाने. लून यांनी कापड घेणाऱ्याच्या हाती पट्टी दिली आणि क्रमांक लिहिणाऱ्याच्या हाती लहानसे यंत्र दिले, ते तज्ज्ञाची वाट न पाहता. शाळेच्या निकालपत्रकाची फाइल वरच्या कचेरीला पाठविताना तिची ६४ अक्षरे जावक नोंदवहीत शाईने उतरवून ठेवणे एखाद्या मुख्याध्यापकाला आजही शक्य आहे, आणि आवक घेणाऱ्या कारकुनाने ती दूरध्वनीवर विचारून ताडून पाहावयास पाच मिनिटे पुरतात.